जॅकी रॉबिन्सन : मॉन्ट्रियलचे एक वर्ष

थोरांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा विजयाच्या दिवसावर खिळते. त्या दिवसाआधीची तयारीची वर्षे दोन ओळींत उरकली जातात. अमेरिकेचे कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरले आणि सुमारे साठ वर्षे केवळ गोऱ्यांसाठी राखलेले मेजर लीगचे दार उघडले, एवढे जगाला ठाऊक आहे. आम्ही येथे सांगणार आहोत ते त्याआधीच्या वर्षाविषयी. शाळा व वसतिगृह हीदेखील तयारीचीच स्थळे असल्याने या स्मरणिकेत ती हकिगत अधिक उचित ठरेल, असे आम्हांस वाटते.

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील घर सोडून गेले, तेव्हा माता मॅली यांनी पाचही लेकरांना घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडेना गाठले आणि परक्यांच्या घरी धुणीभांडी करून त्यांना वाढविले. थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. पण मायदेशी परतल्यावर त्यांच्या हाती रस्ते झाडण्याचे काम आले. गुण असूनही संधीची वाट बंद असते, हा धडा जॅकींना घरातच मिळाला होता.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे-उडी आणि बेसबॉल या चारही क्रीडाप्रकारांत प्रावीण्य मिळविले. पुढे ते सैन्यात अधिकारी झाले. जुलै १९४४ मध्ये टेक्सासच्या लष्करी तळावर बसचालकाने त्यांना मागच्या आसनावर जाण्यास फर्मावले. त्यांनी नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आम्ही हा प्रसंग मुद्दाम नमूद करतो. पुढे जे मौन त्यांनी पाळले, ते भित्र्या माणसाचे मौन नव्हते.

ब्रुकलिन संघाचे प्रमुख ब्रँच रिकी हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. मोठ्या संघाने लहान संघ आपल्या पदरी बाळगावेत, होतकरू तरुणांना तेथे शिकवावे, पारखावे आणि पायरीपायरीने वर आणावे, ही व्यवस्था त्यांनीच पूर्वी सेंट लुईसच्या संघात असताना रुजविली होती. अशा लहान संघांच्या स्पर्धांना मायनर लीग म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धांत खेळणाऱ्या रॉबिन्सन यांना त्यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी बोलावून घेतले. खेळाविषयी त्यांना शंका नव्हती. अपमान सोसूनही उलट हात न उगारण्याचे धैर्य आहे काय, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. रॉबिन्सन यांनी ती अट स्वीकारली. महिना ६०० डॉलर पगारावर त्यांची नेमणूक कॅनडातील मॉन्ट्रियल रॉयल्स या मायनर लीगच्या वरच्या श्रेणीतील संघात झाली.

१० फेब्रुवारी १९४६ रोजी रेचल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच दिवसांत दोघे सरावासाठी फ्लोरिडाला निघाले. वाटेत त्यांना विमानातून उतरविले गेले. उरलेला प्रवास बसच्या मागच्या बाकावर बसून करावा लागला. दीड वर्षापूर्वी जे आसन नाकारून ते खटल्याला सामोरे गेले, त्याच आसनावर आता त्यांना नवपरिणीत पत्नीसह मुकाट बसावे लागले. सॅनफर्ड गावातून धमक्यांमुळे त्यांना निघावे लागले. जॅक्सनव्हिल येथे तर मैदानालाच कुलूप घातले गेले. संघाचे व्यवस्थापक क्ले हॉपर हे मिसिसिपीचे. हा खेळाडू आपल्या हाती देऊ नये, अशी विनंती त्यांनी रिकींना केली होती.

१८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटी येथे हंगामाचा पहिला सामना झाला. पाच वेळा फलंदाजीस येऊन रॉबिन्सन यांनी चार वेळा यशस्वी फटका मारला, त्यांत एक होम रन होता. दोनदा चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून त्यांनी पुढचा बेस गाठला. मॉन्ट्रियलने सामना १४-१ असा जिंकला. होम रन पूर्ण करून ते परतले, तेव्हा जॉर्ज शुबा या गोऱ्या सहकाऱ्याने पुढे होऊन त्यांचा हात हाती घेतला. त्या हस्तांदोलनाचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. सिरॅक्यूज येथे प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना हिणविण्यासाठी काळी मांजर मैदानात सोडली. त्याच डावात रॉबिन्सन यांनी दोन बेसचा फटका मारला. बाल्टिमोरच्या प्रेक्षकांनी शिव्यांचा भडिमार केला. याउलट मॉन्ट्रियलमध्ये दे गास्पे रस्त्यावरील फ्रेंच भाषिक वस्तीत या दांपत्याला सहज घर मिळाले. रेचल गरोदर होत्या. शेजारणींनी आपली रेशनची कूपने त्यांना आणून दिली. माणुसकीला भाषा आड आली नाही.

त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी त्यांना उत्तर धाडले. दोन खंडांतील वंचितांचे नेते एकमेकांची दखल घेत होते, त्याच उन्हाळ्यात मॉन्ट्रियलच्या मैदानावर हा तरुण रोज आपली परीक्षा देत होता.

या परीक्षेची किंमतही त्यांनी मोजली. मनावरचा ताण इतका वाढला की, झोप आणि भूक उडाली आणि डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. तरीही हंगामाअखेर ०.३४९ या सरासरीने ते त्या लीगचे अव्वल फलंदाज ठरले. ४० बेस त्यांनी चोरले. संघाने १०० सामने जिंकले आणि लुईव्हिलच्या संघाला नमवून मायनर लीगचे मानाचे विजेतेपद मिळविले. अखेरच्या सामन्यानंतर मॉन्ट्रियलचे प्रेक्षक प्रेमाने त्यांच्या मागे रस्त्यावर धावले. ज्या हॉपर यांना ते नको होते, त्यांनीच निरोपाच्या वेळी हात पुढे केला.

या यशोगाथेला एक दुसरी बाजू आहे. त्या हंगामात जॉन राइट आणि पुढे रॉय पार्टलो हे दोन कृष्णवर्णीय खेळाडूही मॉन्ट्रियलमध्ये आले होते. दोघांनाही खालच्या श्रेणीतील त्र्वा-रिव्हिएर येथे पाठविले गेले आणि मेजर लीग त्यांना कधीच गाठता आली नाही. नॅशुआ या लहान संघात मात्र रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम तयार होत होते; ते दोघे पुढे ब्रुकलिनचे आधारस्तंभ झाले. तयारीच्या स्थळी येणारा प्रत्येक जण शिखर गाठतोच असे नाही. पण जे मागे राहिले, त्यांच्या खांद्यावरही तेच ओझे होते, हे विसरणे अन्यायाचे होईल.

रॉबिन्सन यांचे मौन कायमचे नव्हते. स्थान पक्के होताच ते मैदानात आणि मैदानाबाहेर निर्भीडपणे बोलू लागले. १९४९ साली ते आपल्या लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, १९५५ साली ब्रुकलिनच्या विश्वविजयात सहभागी झाले. १९५६ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले आणि नागरी हक्कांच्या लढ्यात अखेरपर्यंत सक्रिय राहिले. मधुमेहाने दृष्टी मंदावली असतानाही, मृत्यूपूर्वी नऊ दिवस, भर मैदानात त्यांनी संघांना कृष्णवर्णीय व्यवस्थापक मिळावा अशी अपेक्षा जाहीर केली. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रेचल यांनी त्यांच्या नावे गुणी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारे प्रतिष्ठान स्थापिले.

अन्याय सोसणाऱ्यानेच संयम का पाळावा, हा प्रश्न या चरित्रातून उभा राहतो. त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. ती अट न्याय्य नव्हती, असेच आम्ही मानतो. परंतु रॉबिन्सन यांनी ती शरणागती म्हणून नव्हे, तर साधन म्हणून आणि ठरावीक काळापुरती स्वीकारली, आणि त्या काळात आपल्या कामात कोणालाही उणे काढू दिले नाही. आपल्याला दार उघडले की ते मागून येणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एवढे जरी घेतले, तरी हे लेखन सार्थकी लागले असे आम्ही समजू.