सत्याणुव्रताचे पाईक : कर्मवीर भाऊराव पाटील

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, बहुजनांच्या दारी ज्ञानगंगा नेणारे भगीरथ म्हणून कर्मवीर डॉ. भाऊराव पाटील यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी आदराने घेतले जाते. त्यांनी उभारलेला शिक्षणाचा वटवृक्ष सर्वांना दिसतो. परंतु त्याची मुळे ज्या सत्यनिष्ठेत रुजली होती, तिची कसोटी 1914 साली कोल्हापुरात कशी लागली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आपल्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, तर मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले व तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची सूचना त्यांना झाली. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो हे त्यांच्या मनास पटले नाही. त्यांनी ती सूचना मानली नाही आणि बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचे कोल्हापुरातील वास्तव्य चालू राहिले.

त्या काळी जैन समाजाच्या शैक्षणिक चळवळीचे एक अग्रणी होते अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. दक्षिण भारत जैन सभेच्या प्रारंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक, गाढे विद्वान आणि करड्या शिस्तीचे गृहस्थ. जैन बोर्डिंगच्या चालकांतही त्यांची गणना होती. भाऊरावांना ते गुरुस्थानी होते.

1914 साली कोल्हापुरात सातवे एडवर्ड बादशहा व राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांवर डांबर टाकले गेल्याचे उघडकीस आले. इंग्रज सत्तेच्या दृष्टीने हा साधा खोडसाळपणा नव्हता, तो राजद्रोहच होता. संस्थानात खळबळ माजली. लठ्ठे यांचे व दरबाराचे संबंध त्या वेळी दुरावलेले असल्याने संशयाची सुई त्यांच्याकडे वळली. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा होता, आणि तो नसल्यामुळे तयार करावा लागणार होता. त्यासाठी दृष्टी गेली ती भाऊरावांवर.

लठ्ठे यांच्या सांगण्यावरून हे कृत्य घडले, एवढी साक्ष भाऊरावांनी द्यावी, अशी गळ त्यांना घालण्यात आली. भाऊरावांची त्या वेळची स्थिती ध्यानी घेतली म्हणजे या मागणीचे गांभीर्य कळते. मॅट्रिकची पायरी गाठता आलेली नव्हती, हाती स्थिर नोकरी नव्हती, संसार मात्र सुरू झालेला होता. सत्ताधीशांची मर्जी संपादन करणे अशा तरुणास किती सोयीचे ठरले असते! शिवाय ज्या बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले, तिच्याच एका चालकाविरुद्ध बोलावयाचे होते. जुना राग मनात असता तर तो उगविण्याची याहून चांगली संधी मिळाली नसती.

भाऊरावांनी ठाम नकार दिला.

त्या नकाराची किंमत त्यांना शरीराने मोजावी लागली. त्यांना अटक झाली, कोठडीत मारहाण झाली, अनन्वित छळ झाला. एक वेळ अशी आली की खोटे बोलण्यापेक्षा प्राण गेलेले बरे, या विचाराने त्यांनी जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. एवढे होऊनही खोट्या साक्षीचा एक शब्द त्यांच्या मुखातून निघाला नाही, आणि अखेर त्यांची सुटका झाली.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत सत्याणुव्रताचे स्थान अहिंसेच्या लगोलग आहे. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख वा खोटा दस्त करणे, हा शास्त्रकारांनी त्या व्रताचा अतिचार मानला आहे. परहानी होईल असे असत्य न बोलणे हा या व्रताचा गाभा होय. खोटी साक्ष ही वाणीची हिंसाच आहे. कारण तिच्यामुळे निरपराध्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते. भाऊरावांनी हे व्रत कोठडीत पाळले.

पुढील काळात किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. त्या भ्रमंतीत शेतकऱ्याचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली तिचे केंद्र साताऱ्यास आले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवू लागली. पैशाची चणचण मात्र पाचवीलाच पुजलेली. मुलांच्या अन्नासाठी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला. शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या माउलीचे 1930 साली निधन झाले.

साताऱ्याच्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तो नामकरण समारंभ झाला. ज्यांच्या संस्थानात स्वतः यातना भोगल्या, त्या राजर्षींच्या लोकोत्तर कार्याचे ऋण मान्य करताना भाऊरावांच्या मनात कटुतेचा लवलेशही उरला नव्हता. हीच खरी क्षमा. लठ्ठे यांनीही पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिले, कोल्हापूरचे दिवाणपद भूषविले आणि 1937 साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. ज्यांच्यावर खोटे किटाळ येऊ घातले होते, त्यांच्या हातून समाजाची एवढी सेवा घडली!

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. त्याचे नाव बदलल्यास मोठी देणगी देण्याची तयारी एका धनिकाने दाखविली असता, संस्था अडचणीत असूनही अण्णांनी ती नाकारली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. धनासाठी तत्त्व न सोडण्याचा जो धडा तारुण्यात कोठडीत गिरविला होता, तोच उतारवयातही कायम राहिला. 1959 साली त्यांना पद्मभूषण किताब व पुणे विद्यापीठाची डी. लिट्. पदवी लाभली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

कवठे महांकाळसारख्या दुष्काळाशी झुंजलेल्या तालुक्यात पैशाची ओढाताण कोणास नवी नाही. अडचणीत सापडलेला स्नेही कधी खोट्या कागदावर सही मागतो, कधी खोट्या साक्षीचा आग्रह धरतो. अशा वेळी मैत्री मोडेल की काय, या भीतीने भलेभले डगमगतात. मित्रास शक्य ते साहाय्य द्यावे, स्वतःच्या ताटातील घास द्यावा. असत्य मात्र देऊ नये. कर्मवीरांनी दागिने दिले, आयुष्य दिले, परंतु सत्य कोणालाही विकले नाही. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!