लांडग्याने चावलेली माणसे

चैत्रात मोहाची फुले वेचण्याकरिता गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिऱ्याच्या रानालगतची माणसे पहाटेच घराबाहेर पडतात. अशा वेळी अस्वलाने कोणास चावून घायाळ केले, तर त्याची जखम प्रथम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी लागते आणि मग त्याला जलसंत्रासाची लस टोचतात. चावले अस्वल, मग पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावरील लस कशाला, असे तुमच्या मनात येईल. पण मुलांनो, हा रोग इतर पशूंच्या लाळेतूनही जडू शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही.

ही लस लुई पाश्चर यांनी शोधली. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल गावी झाला. वडील कातडी कमावीत. लुईला नववे वर्ष लागले होते, तेव्हा आर्ब्वा गावाच्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. लोहाराच्या भट्टीत तापविलेल्या लोखंडाने त्यांच्या जखमा डागण्यात आल्या. तरीही कित्येक दगावले.

पुढे पाश्चर रसायनशास्त्रज्ञ झाले. वैद्य ते कधीच नव्हते. म्हणून ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांची लस टोचली ती दुसऱ्या डॉक्टरांनी. रोगी सशाचा मज्जारज्जू वाळवून ती केलेली होती. मुलगा वाचला.

खरी कसोटी १८८६ च्या मार्चमध्ये लागली. रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातून १९ माणसे पॅरिसला आली. पिसाळलेल्या लांडग्याने त्यांना फाडले होते. पाश्चर एवढा एकच शब्द त्यांना तेथे बोलता येत होता, असे सांगतात! चावून दोन आठवडे लोटले होते. लांडग्याचे चावे खोल असतात. ते डोक्यातोंडावर असले की विषाला मेंदू जवळ पडतो. पाश्चर यांनी दिवसातून दोनदा लस टोचविली. तिघे मरण पावले, सोळा जण घरी परतले.

पाश्चर १८९५ साली वारले. १९०० मध्ये कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था निघाली. आता लस दंडात टोचतात. खोल जखमेभोवती प्रतिद्रव्यही सोडतात, कारण लशीचा गुण येण्यास काही दिवस लागतात. त्या तिघा रशियनांना बहुधा तेवढीच सवड मिळाली नाही.