कै. लक्ष्मीबाई टिळक व त्यांचे वडील

घरातील एखादा मोठा माणूस कोणात मिसळत नाही, उपासनेस येत नाही, आपल्याच खोलीत दिवस काढतो. त्याचे काय करावे, असा प्रश्न कुटुंबभेटीच्या वेळी आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येतो. वाशी तालुक्यातील बंधुभगिनींनी तो काढला म्हणजे आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर आठवते. यास्तव त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म इ. स. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या जन्मापूर्वीच घरावर मोठा घाला पडला होता. १८५७ च्या बंडात त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर ह्यांस सरकारने फाशी दिले. ह्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने जी भीती घेतली, ती सोवळ्याच्या रूपाने बाहेर पडली. जगातील प्रत्येक वस्तू त्यांस विटाळलेली वाटू लागली. स्नानात व धुण्यात त्यांचा दिवस जाई. घरात आलेले धान्य तर धुवावेच लागे, पण मीठ व साखरदेखील धुतल्यावाचून आत येत नसे! उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट खरी वाटणार नाही. धुतलेले मीठ उरणार तरी किती?

लोक ह्यास धर्मनिष्ठा म्हणत असतील. आम्हांस ते एका भ्यालेल्या माणसाचे एकांतवासात शिरणे वाटते. त्यांनी आपल्याभोवती पाण्याची भिंत उभारली, आणि आत सारे कुटुंब कोंडले गेले. पत्नीला स्वतःच्या पित्याचे दुःख होतेच. त्यावर पतीची ही अवस्था तिने वर्षानुवर्षे निमूटपणे सांभाळली. मनकर्णिकेचे बालपण बरेचसे आत्याच्या घरी, गोविंदराव खांबेटे ह्यांच्याकडे गेले, म्हणून तिला थोडा मोकळा वारा मिळाला.

लहानपणीच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाला. टिळक मोठे कवी, पण वृत्तीने अस्थिर. केव्हा घर सोडून निघतील ह्याचा नेम नसे. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. संसार मोडला, पदरी लहानगा दत्तू. आता त्याच कुटुंबातील दुसरे माणूस जगापासून तुटले. नातलगांनी त्यांस जवळ केले, पंढरपुरास राहण्याची सोय केली, परंतु रडून रडून त्यांची प्रकृती खालावली आणि त्यांच्या काळजीने सर्वांची झोप उडाली.

येथे टिळकांचे वर्तन आम्हांस विशेष वाटते. त्यांनी पत्रे पाठविणे थांबविले नाही, आणि ओढूनही नेले नाही. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे आल्या, तेव्हाही आपले सोवळे बरोबर घेऊनच आल्या. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. नवऱ्याच्या हातचेही चालत नसे. ज्या मिशनऱ्यांमध्ये व मंडळीमध्ये टिळक वावरत होते, त्यांच्यासमोर हे किती अवघड झाले असेल! तरी टिळकांनी पत्नीची वेगळी चूल मांडू दिली. पुढे जातिभेद मनुष्यानेच केला, देवाने नव्हे, हे त्या आपल्याच विचाराने समजल्या, आणि कोणाच्याही हातचे घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या घरातील ह्या मुलीने पुढे नाना जातींची अनाथ पोरे आपल्या पंक्तीला बसविली.

टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूकडे गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईस व कराचीस दिवस काढले. ज्यांना शाळेचे शिक्षण नाही म्हणण्याइतकेच होते, त्यांनी पतीचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन काव्य पुढे नेले आणि स्मृतिचित्रे हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्याच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याची हकीकत आहे. ती वाचताना हसू आवरत नाही; पण लेकीने बापाचा उपहास कोठे केलेला नाही, आणि आजोबांच्या फाशीची गोष्ट तिने त्याआधी सांगितली आहे. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या.