विश्लेषण : ‘दुलीप करंडक’ ज्यांच्या नावाने, ते दुलीपसिंहजी कोण?

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी करंडकाचे सामने होतात. हा करंडक ज्यांच्या नावाने आहे, त्या रणजितसिंहजींचे पुतणे म्हणजे कुमार दुलीपसिंहजी. ‘दुलीप करंडक’ त्यांच्या नावाने खेळला जातो. पण हा फलंदाज पुढे भारताचा मुत्सद्दी झाला, हे फारसे कुणाला माहीत नसते.

फलंदाज म्हणून मोठेपण काय?

जन्म १३ जून १९०५, काठियावाडातील सरोदर. शिक्षण केंब्रिजमध्ये. भारताला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच ते इंग्लंडकडून खेळू लागले. १९३० मध्ये ससेक्सकडून नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध त्यांनी एकाच दिवसात ३३३ धावा केल्या आणि काकांचा नाबाद २८५ धावांचा ससेक्सचा विक्रम मोडला. त्याच वर्षी लॉर्ड्सवर, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत १७३ धावा केल्या. एकूण १२ कसोटींत ९९५ धावा, ३ शतके आणि सरासरी ५८.५२.

वर्णभेदाचा फटका बसला का?

१९२९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. मालिकेतील उरलेल्या चारही कसोटींत मात्र त्यांना संधी मिळाली नाही. पाहुण्यांचा त्यांच्या वर्णाला आक्षेप होता, असे तेव्हापासून बोलले जाते.

कारकीर्द २७ व्या वर्षी का संपली?

क्षयामुळे. १९३२ मध्ये ते ससेक्सचे कर्णधार होते. डॉक्टरांचा सल्ला डावलून ते खेळत राहिले आणि हंगामाच्या अखेरीस कोसळले. त्या हिवाळ्यातील ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी, म्हणजे गाजलेल्या ‘बॉडीलाइन’ मालिकेसाठी, निवड होऊनही त्यांना जाता आले नाही. क्षयावरचे प्रभावी औषध तेव्हा नव्हते. ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले नाहीत.

ऑस्ट्रेलियात कसे पोहोचले?

१९५० मध्ये स्वतंत्र भारताचे उच्चायुक्त म्हणून. न्यूझीलंडची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. गौरेतरांना स्थायिक होऊ न देणारे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण तेव्हा लागू होते. अशा देशात भारताची बाजू मांडायची होती. क्रिकेटवेडे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांच्या त्या देशात दुलीपसिंहजींची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. आजारपणाने हुकलेल्या देशात ते तीन वर्षे राहिले; इंग्लंडचे फलंदाज म्हणून नव्हे, तर भारताचे प्रतिनिधी म्हणून.

पुढे काय झाले?

परतल्यावर ते सौराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ५ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईत, ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६१-६२ पासून दुलीप करंडक सुरू झाला.