हल हाऊसच्या जेनबाई

जेन ॲडम्स ह्यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला. परंतु आपल्या मंडळाच्या भगिनींना पारितोषिकापेक्षा त्यांच्या आयुष्यातले दोनतीन साधे प्रसंगच अधिक जवळचे वाटतील.

इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल गावी १८६० साली एका सधन घरात त्यांचा जन्म झाला. आई दोन वर्षांच्या वयातच अंतरली. शिक्षण संपल्यावर पाठीच्या दुखण्यात व उदासीनतेत काही वर्षे गेली. पुढे लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये शिकलेसवरलेले तरुण गरिबांच्या वस्तीतच राहतात हे त्यांनी पाहिले, आणि १८८९ मध्ये एलेन गेट्स स्टार ह्या मैत्रिणीसह शिकागोच्या मजूरवस्तीत एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड केले. तेच हल हाऊस.

पहिल्याच नाताळात त्यांनी मुलांना खाऊ वाटला, तर काही मुली तो हातात घेईनात. चौकशी केली तेव्हा कळले की त्या पोरी सहा आठवडे मिठाईच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. त्यांना मिठाई डोळ्यांसमोरही नकोशी झाली होती! खाऊने हे दुःख कसे सरणार? हल हाऊसच्या फ्लॉरेन्स केली व इतरांच्या खटपटीने १८९३ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी करणारा कायदा झाला. त्यातील स्त्रियांच्या आठ तासांचे कलम मात्र दोनच वर्षांत न्यायालयाने रद्द केले.

एका हिवाळ्यात एक बेकार कारकून मदत मागावयास आला. काम मिळत असताना मदत देऊ नये, असा धर्मादाय कामाचा नियम. सांडपाण्याच्या कालव्यावर खोदकाम चालू होते. जेनबाईंनी त्याला तिकडे जाण्यास सांगितले. थंडीत उघड्यावर काम सोसणार नाही असे त्याने सांगून पाहिले, पण नियम तो नियम. बिचारा दोन दिवस खपला, न्यूमोनियाने अंथरुणास खिळला आणि आठवड्याभरात गेला. मागे दोन लहान मुले. जेनबाईंनी ही गोष्ट आत्मचरित्रात लपविली नाही, त्या मुलांनाही अंतर दिले नाही.

१९०२ साली लोकशाही व सामाजिक नीती ह्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्यातील एक प्रकरण परोपकारावर आहे. पोटभर जेवलेल्या बाईने गरिबाघरी जाऊन काटकसर शिकवावी ह्यात दोघींची बरोबरी कोठे राहिली, हा त्यांचा सवाल. लोकशाही मतपेटीपाशी थांबता कामा नये; ती मजुरीत, घरात, गल्लीत उतरली पाहिजे, असे त्यांचे मत.

आणि गल्लीत त्या खरोखरच उतरल्या. वस्तीत कचऱ्याचे ढीग साचत व मुले दगावत. हल हाऊसच्या महिला मंडळातील बारा जणी रहिवासी कार्यकर्त्यांसह गल्लीबोळ हिंडल्या आणि दोन महिन्यांत कायदेभंगाच्या १,०३७ तक्रारी आरोग्यखात्याकडे गेल्या. १८९५ मध्ये जेनबाईच प्रभागाच्या कचरा-निरीक्षक झाल्या. पहाटे उठून गाड्यांमागे फिरणारी ही बाई पाहून शेजारणींना धक्काच बसला म्हणे! एका बोळात दीड फूट घाण उपसल्यावर खाली फरसबंदी सापडली.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे त्यांच्यावर वृत्तपत्रांतून फार टीका झाली. २१ मे १९३५ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा हल हाऊसमध्ये हजारो शेजारीपाजारी अखेरच्या दर्शनास लोटले होते.