विश्लेषण : हस्तिदंताचा बडा व्यापारी ‘टिपू टिप’ कोण होता? आफ्रिकी हत्तींच्या आजच्या अवस्थेशी त्याचा काय संबंध?

साठवलेला हस्तिदंत विकू द्या, अशी मागणी दक्षिण आफ्रिकेकडील काही देश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकांत वारंवार करतात आणि दर वेळी तोच वाद नव्याने पेटतो. हा व्यापार नेमका कसा चालतो आणि हत्ती कसे संपवतो, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षांपूर्वीच्या झांझिबारमधील एका व्यापाऱ्याचे आयुष्य पाहावे लागते.

टिपू टिप हे नाव कुठून आले?

म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचे खरे नाव हमद बिन मुहम्मद अल-मुर्जबी. जन्म १८३०च्या दशकात, झांझिबार बेटावर. तेव्हा हे बेट ओमानी सुलतानांच्या ताब्यात होते. वडील मुहम्मद बिन जुमा यांचा व्यापार मुख्य भूमीवर, आजच्या टांझानियातील टबोरा येथे होता. ‘टिपू टिप’ हे टोपणनाव आपल्या बंदुकांच्या आवाजावरून पडले, असे त्याचे स्वतःचे सांगणे. त्याला डोळे मिचकावण्याची सवय होती, त्यावरून लोकांनी ते ठेवले, असे इतर सांगत. विशीच्या आत-बाहेर असतानाच तो वडिलांबरोबर आत गेला आणि लवकरच स्वतःचा तांडा घेऊन निघू लागला.

या व्यापारात पैसा कोणाचा होता?

तांडा अरबांचा असला, तरी त्यामागची उधारी बहुतांशी कच्छी व्यापाऱ्यांची होती. झांझिबारची जकात वसूल करण्याचा मक्ता अनेक वर्षे मुंद्र्याच्या भाटिया व्यापाऱ्यांच्या जयराम शिवजी पेढीकडे होता. टिपू टिपला भांडवल पुरवले ते प्रामुख्याने तारिया तोपण या कच्छहून आलेल्या खोजा व्यापाऱ्याने. कापड, मणी, पितळी तार, बंदुका आणि दारू असा माल उधारीवर घ्यायचा, तो आत नेऊन हस्तिदंताशी बदलायचा आणि परत येऊन कर्ज फेडायचे, असा हा व्यवहार. परतायला कधी दोन वर्षे लागत, कधी दहा. व्याज भारी. त्यामुळे हत्ती कमी मिळाले म्हणून रिकाम्या हाताने परतणे व्यापाऱ्याला परवडत नसे. तो आणखी पुढे जाई.

माल जाई कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झांझिबारच्या हस्तिदंताचा मोठा वाटा मुंबई बंदरात उतरत असे. त्यातला काही पुढे लंडनला रवाना होई, उरलेल्याच्या बांगड्या होत. महाराष्ट्रात लग्नाचा चुडा हिरव्या काचेचा. कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानात तो हस्तिदंताचा. नवरा किंवा बायको गेली की तो चुडा फोडला जाई किंवा तिच्याबरोबर चितेवर जाई, म्हणून मागणीला खंड नव्हता. भारतात हत्ती असूनही आफ्रिकेचा माल लागे, कारण भारतात सुळे फक्त नरांना आणि तेही सगळ्यांना नसतात. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात, शिवाय त्यांचा घेर मोठा असल्याने एका सुळ्यातून अखंड बांगड्या निघत. पुढे युरोप-अमेरिकेत घरोघरी पियानो आले, बिलियर्ड्सचा खेळ फोफावला आणि पट्ट्या व चेंडू यांच्यासाठी तिकडची मागणी सर्वांवर मात करून गेली.

तो काँगोपर्यंत का पोहोचला?

हत्ती मागे सरत गेले म्हणून. आधी किनाऱ्यालगतचे कळप संपले, मग टबोराच्या आसपासचे विरळ झाले. मग टांगानिका सरोवर ओलांडून पलीकडे जाणे आले. टिपू टिपची कारकीर्द म्हणजे पश्चिमेकडे सरकणाऱ्या या रेषेचा नकाशाच आहे. १८६७च्या सुमारास त्याने सरोवराच्या दक्षिणेकडील न्सामा या बलाढ्य राजाचा पराभव केला. त्याच्याकडे साठवलेला टनावारी हस्तिदंत हाती लागला आणि टिपू टिपचे नाव झाले. आजारी आणि रसद संपलेला डेव्हिड लिव्हिंगस्टन त्याला भेटला तो याच काळात. टिपू टिपने त्याला मदत केली.

१८७०च्या सुमारास सुरू झालेली त्याची पुढची सफर तब्बल १२ वर्षे चालली. पूर्व काँगोतील उतेतेरा प्रांतात एका वृद्ध राजाची बहीण फार पूर्वी पळवून नेली गेली होती. आपण तिच्याच वंशातले, असे टिपू टिपने सांगितले. थाप होती, पण राजाने विश्वास ठेवला आणि सत्ता त्याच्या हाती दिली. गोळी न झाडता राज्य मिळाले आणि राज्याबरोबर तिथल्या सुळ्यांवरचा हक्कही. लगतच्या मनयेमा भागात, जिथे व्यापारी अजून पोहोचले नव्हते, तिथे सुळ्यांना फारशी किंमत नव्हती. काही ठिकाणी ते दाराचे खांब म्हणून उभे केलेले असत. हा सुवर्णकाळ काही वर्षांचाच होता. गावांतले जुने साठे संपले की उरत ते जंगलातले जिवंत हत्ती.

गुलामांचा यात काय भाग होता?

साखळदंडांतले गुलाम खांद्यावर सुळे घेऊन समुद्राकडे चालले आहेत, हे चित्र युरोपीय पुस्तकांतून रूढ झाले. वास्तव त्याहून गुंतागुंतीचे होते. किनारा ते टबोरा या मार्गावर ओझी वाहणारे बरेचसे न्यामवेझी जमातीचे मजुरी घेणारे हमाल होते. मनयेमात मात्र बंदूकधारी टोळ्या गावे लुटत, बायका-मुले ओलीस धरत आणि हस्तिदंत मिळाल्यावर सोडत. ज्यांच्यासाठी तो मिळत नसे, ते गुलाम होत. टिपू टिप रुबाबदार, आतिथ्यशील आणि हजरजबाबी होता, असे त्याला भेटलेल्या बहुतेक युरोपीयांनी लिहिले. ते खरेही असेल. पण ही वर्णने लिहिणारे त्याचे पाहुणे होते, लुटल्या गेलेल्या गावांतल्या कोणाला लिहिण्याची संधी मिळाली नाही.

स्टॅन्ले आणि लिओपोल्डशी त्याचे नाते कसे होते?

१८७६मध्ये हेन्री स्टॅन्ले काँगो नदीचा शोध घेत आला, तेव्हा त्याला सोबत हवी होती. ५ हजार डॉलरची बोली ठरली, पण जंगल आणि रोगराईला कंटाळून टिपू टिप वाटेतून परतला. स्टॅन्ले समुद्राला जाऊन मिळाला आणि त्याच्यामागून बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा काँगोत आला. १८८५च्या बर्लिन परिषदेनंतर खोऱ्याचा मोठा भागच त्याच्या नावावर झाला.

१८८७मध्ये स्टॅन्लेने झांझिबारला येऊन टिपू टिपला लिओपोल्डच्या वतीने नोकरी देऊ केली. स्टॅन्ले फॉल्सचा सुभेदार, पगार महिना ३० पौंड. मध्य आफ्रिकेतल्या सर्वांत श्रीमंत माणसाला हा पगार म्हणजे चेष्टाच. त्याने ती पत्करली, कारण समुद्राकडचे सगळे मार्ग युरोपीयांच्या हाती जात आहेत हे त्याला दिसत होते. पुढे स्टॅन्लेच्या मोहिमेची मागची तुकडी उपासमारीत आणि रोगराईत बुडाली, तेव्हा स्टॅन्लेने दोष टिपू टिपवर टाकून खटला भरला. तो टिकला नाही. टिपू टिप १८९०च्या सुमारास काँगो कायमचे सोडून झांझिबारला आला. दोनच वर्षांत लिओपोल्डच्या फौजांनी अरबांवर युद्ध पुकारले. १८९३मध्ये त्याचा मुलगा सेफू त्यात मारला गेला. गुलामगिरीविरुद्धचे युद्ध म्हणून ते युरोपात सांगितले गेले, पण पूर्वी पूर्वेकडे झांझिबारला जाणारे सुळे आता पश्चिमेकडे अँटवर्पला जाऊ लागले आणि ते शहर हस्तिदंताची मोठी बाजारपेठ बनले. काँगोतील हत्तींच्या दृष्टीने फक्त मालक बदलला.

अखेरच्या वर्षांत टिपू टिपने स्वाहिली भाषेत आपले आत्मचरित्र लिहिले. हाइनरिख ब्रोडे या जर्मन अधिकाऱ्याने ते प्रसिद्ध केले. त्यात सफरी, लढाया, उधारी आणि हस्तिदंताची वजने तपशिलाने येतात. १९०५च्या जूनमध्ये स्टोन टाऊनमधील घरी मलेरियाने त्याचा मृत्यू झाला. ते घर अजून उभे आहे.

आज हत्तींची स्थिती काय आहे?

आफ्रिकेत १९७९मध्ये सुमारे १३ लाख हत्ती असल्याचा अंदाज होता, १९८९पर्यंत ते सुमारे ६ लाखांवर आले. त्या वर्षी ‘साइट्स’ने आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. भारताने १९९१मध्ये कायदा दुरुस्त करून आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद केला आणि मुंबईशी असलेला हा जुना धागा कायद्याने तुटला. नंतर १९९९ आणि २००८ मध्ये साठ्यांच्या एकेक वेळच्या विक्रीला परवानगी मिळाली. दुसऱ्या विक्रीत चीनही खरेदीदार होता. त्यानंतरच्या वर्षांत शिकार पुन्हा भडकली. विक्रीमुळेच भडकली का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. चीनने देशांतर्गत व्यापार २०१७च्या अखेरीस थांबवला.

बोट्स्वाना, नामिबियासारख्या देशांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांच्याकडे कळप टिकून आहेत, पिके तुडवली जातात, माणसे मरतात आणि गोदामातले सुळे पडून असतात. पण सुळा कोणत्या देशातल्या हत्तीचा, हे बाजारात गेल्यावर सहज ओळखता येत नाही. कायदेशीर विक्री सुरू झाली की तिच्या आडून चोरीचा माल जातो आणि तो येतो तिथून, जिथे पहारा सर्वांत कमी आहे. टिपू टिपच्या काळात ते ठिकाण काँगोचे जंगल होते. आजही मोठ्या प्रमाणात तेच आहे.

२०२१मध्ये आययूसीएनने आफ्रिकी हत्तींच्या दोन जातींची पहिल्यांदाच वेगवेगळी नोंद केली. गवताळ प्रदेशातील हत्ती संकटग्रस्त, तर काँगो खोऱ्यातील जंगली हत्ती अतिसंकटग्रस्त ठरले. या जंगली हत्तीची मादी पहिले पिलू देते ती साधारण २३व्या वर्षी आणि पुढचे पाच-सहा वर्षांनी. शिकार पूर्ण थांबली, तरी त्यांची संख्या दुप्पट व्हायला सुमारे ६० वर्षे लागतील.