विश्लेषण : अशोक चक्राचे पहिले मानकरी नळदुर्गला कसे लढले? दुर्बीण नसलेल्या रायफलने अंधारात नेम धरता येतो का?

तुळजापूरहून नळदुर्गला जायला आज गाडीने तासभर पुरतो. अंतर साधारण 35 किलोमीटर. पर्यटक जातात ते किल्ला, पाणी महाल आणि पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला. पण शांततेच्या काळातलं देशाचं सर्वोच्च शौर्यपदक, म्हणजे अशोक चक्र, ज्यांना सर्वात आधी मिळालं असं मानलं जातं, ते हवालदार बचित्तर सिंग तुळजापूर तालुक्यातल्या याच नळदुर्गात धारातीर्थी पडले. तारीख होती 13 सप्टेंबर 1948.

कोण होते बचित्तर सिंग?

पंजाबमधलं लोपों हे त्यांचं गाव. जन्म 13 जानेवारी 1917 चा, वडिलांचं नाव रूर सिंग. तरुणपणीच ते शीख रेजिमेंटमध्ये भरती झाले. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते दुसऱ्या बटालियनमध्ये, म्हणजे 2 शीखमध्ये होते. हवालदार हा सैन्यातला असा हुद्दा आहे की आदेश वरून येतो आणि तो जवानांसोबत पुढे राहून पार पाडायचा असतो.

भारतीय सैन्य नळदुर्गला का आलं?

1947 ला देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील व्हायला तयार नव्हता. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी दहशत माजवली होती. हा रझवी मूळचा वकील, वकिली करायचा लातूरला. अखेर सरदार पटेलांच्या पुढाकाराने सैन्य पाठवायचं ठरलं. कारवाईचं नाव ऑपरेशन पोलो, पण लोकांच्या तोंडी बसलं ते पोलीस अ‍ॅक्शन.

मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून निघाली. हैदराबादच्या रस्त्यावर पहिला मोठा अडथळा होता नळदुर्गचा किल्ला आणि त्याच्याजवळचा बोरी नदीवरचा पूल. पावसाळ्याचे दिवस होते. पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. म्हणून पूल शाबूत हाती लागायला हवा होता आणि त्यासाठी अंधारातच पोहोचायला हवं होतं. नळदुर्गवर हल्ल्याची जबाबदारी 2 शीखवर होती. समोर निजामाची 1 हैदराबाद इन्फंट्री होती.

जवानांच्या हातात कोणती रायफल होती?

त्या काळात भारतीय पायदळाची नेहमीची रायफल होती .303 ली-एनफिल्ड. ती इशापूरच्या कारखान्यातही बनायची. (हीच .303 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या रात्रीही काही पोलिसांच्या हातात होती, यावरून तिचं आयुष्य किती लांबलं ते कळतं.) दुर्बीण लावलेल्या रायफली तेव्हा होत्या, पण त्या मोजक्या आणि निवडक नेमबाजांसाठी. बाकी सगळ्यांचा भरवसा लोखंडी साइटवर.

ही साइट म्हणजे दोनच भाग. नळीच्या टोकाला उभी छोटी पट्टी, जिला मराठीत माशी म्हणतात, आणि डोळ्याच्या बाजूला खाच. खाचेच्या मधोमध माशी दिसायला हवी आणि माशीच्या टोकावर लक्ष्य. ऐकायला सोपं आहे. अडचण डोळ्याची आहे. खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. त्यामुळे नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य थोडं धूसर दिसू द्यायचं, हे शिकवलं जातं. नवशिक्या नेमका उलटं करतो.

दुसरी गोष्ट गणिताची. जुन्या मार्क 3 ली-एनफिल्डमध्ये खाच आणि माशी यांच्यात साधारण 49 सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर 300 मीटरवर गोळी सुमारे 60 सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे उभ्या माणसाच्या बाजूने निघून जाते. तेवढीच चूक 27 मीटरवर केली तर फरक पडतो जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तिथेही लक्ष्य मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. पण तिथे प्रकाश भरपूर असतो आणि समोरून कोणी गोळी झाडत नाही.

मग पहाटेच्या अंधारात काय झालं?

सप्टेंबरच्या मध्यावर नळदुर्गला सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो. गणेशोत्सवाचे दिवस होते, शुद्ध पक्षातला चंद्र पहाटेआधीच मावळला होता. अशा अंधारात काळी माशी दिसतच नाही. दुरून नेम धरून लढणं जवळपास अशक्य. उरतो एकच मार्ग, अंतर कमी करणं.

बचित्तर सिंग यांच्या तुकडीला शत्रूची दोन वाहनं येताना दिसली. त्यांनी गोळीबाराचा आदेश दिला. वाहनांमधल्या सैनिकांनीही उलट मारा सुरू केला. तेव्हा बचित्तर सिंग गोळ्यांची पर्वा न करता थेट त्यांच्यावर धावून गेले. दोन्ही वाहनं आणि त्यातले सैनिक ताब्यात आले.

नंतर त्यांची तुकडी भक्कम मोर्चाबंदी केलेल्या एका ठाण्यासमोर आली. तिथून लाइट मशीनगनचा अचूक मारा होत होता. इथे तुलना बघण्यासारखी आहे. ली-एनफिल्डला प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो, मशीनगन मिनिटाला शेकडो गोळ्यांच्या वेगाने झाडते आणि ती आडोशाला बसलेली असते. मोकळ्यात उभं राहून माशी जुळवत बसायला वेळच नसतो.

बचित्तर सिंग यांनी पुढे होऊन चढाई केली. ठाण्यापासून सुमारे 30 यार्डांवर, म्हणजे त्याच 27 मीटरवर, मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या आणि ते कोसळले. तिथून ते सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली. गंभीर जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला आणि जवानांना पुढे जायला सांगत राहिले. ठाणं पडलं. बचित्तर सिंग वाचले नाहीत. वय होतं 31.

पुढे काय झालं?

पूल शाबूत हाती आला. सकाळी नऊपर्यंत चिलखती फौज आठ किलोमीटरवरच्या जळकोटला पोहोचली आणि दुपारी उमरग्याला. त्याच दिवशी दुसरी एक फौज उजाडताना तुळजापूरला धडकली होती. तिथे निजामाचे सैनिक आणि सुमारे 200 रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. पुढे लोहाऱ्याकडे जाताना मात्र नदीला पूर आल्याने ही फौज अडली. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

त्यांना परमवीर चक्र का नाही?

परमवीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी असतं. हैदराबादची कारवाई सरकारच्या लेखी परक्या देशाशी युद्ध नव्हती, देशांतर्गत कारवाई होती. अशा शौर्यासाठी 4 जानेवारी 1952 रोजी वेगळं पदक सुरू झालं आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरण्यात आलं. त्यामुळे बचित्तर सिंग यांना मरणोत्तर मिळालेल्या पदकाचं तेव्हाचं नाव होतं अशोक चक्र, वर्ग 1. वर्ग काढून टाकून नुसतं अशोक चक्र हे नाव आलं 1967 मध्ये.

सुरुवातीच्या मानकऱ्यांमध्ये आणखी एक नाव याच कारवाईतलं आहे, गुरखा रायफल्सचे नाईक नरबहादूर थापा. तुंगभद्रेवरच्या पुलाजवळ त्यांच्याही तुकडीला मशीनगनने रोखलं होतं. ते मोकळ्या जागेतून धावत गेले आणि मशीनगन चालवणाऱ्यांना त्यांनी खुकरीने गाठलं.